अ‍ॅफिनिटी फुकट झालं, पण माझ्या जुन्या फाइलींचं काय?

प्रश्न: माझा लग्नाच्या फोटोंचा आणि अल्बमचा छोटा स्टुडिओ आहे. दर महिन्याची वर्गणी नको म्हणून पाच वर्षांपूर्वी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर अ‍ॅफिनिटी फोटो घेतलं, आधी व्हर्जन १ आणि मग पुन्हा पैसे भरून व्हर्जन २. साठेक लग्नांचं काम त्यातच आहे: एडिट केलेले फोटो आणि अल्बमची शीटं, सगळं 'एएफफोटो' फाइलींमध्ये. आता ते बनवणारी कंपनी कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने घेतली, व्हर्जन २ ची विक्री बंद झाली आणि नवं अ‍ॅफिनिटी फुकट मिळतंय. माझं व्हर्जन २ बंद पडेल का? नव्यावर जावं, की सरळ फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीची वर्गणी घ्यावी? पुढच्या वर्षी कॅमेराही बदलायचा आहे. मशीन विंडोजचं आहे.

उत्तर: तुमचं व्हर्जन २ उद्या सकाळी उघडणार आहे आणि या सीझनच्या ऑर्डरीही त्यावर निघतील. त्यामुळे घाईने काही विकत घेऊ नका आणि घाईने काही काढूनही टाकू नका. कॅनव्हा पुढे काय करेल याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एक गोष्ट तपासा. अ‍ॅफिनिटी आज या घडीला बंद पडलं, तर दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या अल्बमचं सतरावं शीट तुम्हाला पुन्हा छापून देता येईल का? तुमच्या पत्रावरून तरी येणार नाही असं दिसतं. खरी काळजी याची करायला हवी, आणि ती दूर करणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आधी झालंय काय ते पाहू. अ‍ॅफिनिटी बनवणारी सेरिफ ही इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची कंपनी. ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने ती मार्च २०२४ मध्ये विकत घेतली आणि लगेच दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की एकदाच पैसे भरून मिळणारा कायमचा परवाना यापुढेही मिळत राहील. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी फोटो, डिझायनर आणि पब्लिशर ही तिन्ही सॉफ्टवेअरं एकत्र करून एकच नवं 'अ‍ॅफिनिटी' आलं. कॅनव्हाचं साधं खातं असलं की ते फुकट वापरता येतं, त्यातल्या एआयच्या सोयींना मात्र कॅनव्हाची सशुल्क योजना लागते. व्हर्जन २ विकणं थांबलं. ज्यांनी ते घेतलंय त्यांचा परवाना चालू आहे, पण त्यात नव्या सुधारणा येणार नाहीत.

'फुकट' या शब्दाने हुरळून जाऊ नये, कारण याच धंद्यातलं निक कलेक्शन या फोटो-फिल्टरांच्या संचाचं उदाहरण समोर आहे. तो बनवणारी निक सॉफ्टवेअर ही कंपनी गूगलने सप्टेंबर २०१२ मध्ये घेतली. आधी सुमारे ५०० डॉलरला असलेला संच २०१३ मध्ये १४९ डॉलरचा झाला आणि मार्च २०१६ मध्ये फुकट झाला. फोटोग्राफर खूष झाले. मे २०१७ मध्ये गूगलने सांगितलं की यापुढे अपडेट नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या डीएक्सओने तो संच घेतला आणि २०१८ पासून पुन्हा पैसे घेऊन विकायला सुरुवात केली. अ‍ॅफिनिटीचं तसंच होईल असं अजिबात नाही. त्यावर आज जोमाने काम चालू आहे. पण विकत घेतलेल्या मालाबद्दल गिऱ्हाईक म्हणून जो हक्काने जाब विचारता येतो, तो फुकट मिळालेल्या मालाबद्दल विचारता येत नाही. कॅनव्हाचं उत्पन्न वर्गणीतून येतं, म्हणजे अ‍ॅफिनिटीची तब्येतही शेवटी त्या वर्गणीवरच अवलंबून राहणार.

कंपनीने हात काढून घेतला म्हणून सॉफ्टवेअर त्याच दिवशी मरत नाही. ते मरतं तीन कारणांनी. पहिलं, ऑपरेटिंग सिस्टीम बदलते. पिकासा हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर गूगलने मार्च २०१६ मध्ये बंद केलं, तरी ते पुढेही लोकांच्या घरी चालत राहिलं. मॅकवर त्याचा खरा शेवट झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये, कारण त्या महिन्यात आलेल्या कॅटलिना या मॅकच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरं चालवणंच बंद केलं. दुसरं, परवाना तपासणारा सर्व्हर बंद होतो. अ‍ॅडोबीने सीएस २ या फोटोशॉपच्या जुन्या संचाचा सर्व्हर २०१३ च्या सुमारास बंद केला आणि त्याबरोबर सर्व्हर न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली. हा कंपनीचा चांगुलपणा. दर वेळी तो गृहीत धरता येत नाही. तिसरं, नवा कॅमेरा येतो आणि जुन्या सॉफ्टवेअरला त्याची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, वाचताच येत नाही. ही तीन दारं एकेक करून बंद करायची.

सर्व्हरचं आधी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. व्हर्जन २ चालू करताना अ‍ॅफिनिटीच्या खात्यात लॉग इन करावं लागतं. एकदा चालू झालं की ते चालू राहतं. घोडं अडतं ते मशीन फॉरमॅट केल्यावर. म्हणून त्या खात्यातून २.६ मालिकेतला शेवटचा इन्स्टॉलर आजच उतरवून ठेवा. विंडोजसाठी दोन प्रकार मिळतात, एमएसआयएक्स आणि ईएक्सई. ईएक्सई घ्या. एमएसआयएक्स प्रकारात प्रोग्रॅम विंडोजच्या बंदिस्त फोल्डरमध्ये जाऊन बसतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून 'अ‍ॅफिनिटीत उघडा' म्हटलं की त्याचा पत्ताच सापडत नाही. खातं ज्या ईमेलवर आहे तो चालू आहे ना, पासवर्ड आठवतो ना, हेही बघा. जुना ईमेल बंद पडल्यामुळे परवाना हातचा गेला असं सर्रास होतं. त्यानंतर विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याची क्लोनझिलासारख्या फुकट साधनाने पूर्ण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल, काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. तीच प्रतिमा त्याच मशीनवर परत घातली की सगळं जसंच्या तसं उभं राहतं. मशीनच वेगळं असेल तर परवाना पुन्हा तपासला जाण्याची शक्यता धरून चला.

आता मुख्य काम, फाइलींचं. एएफफोटो ही फाइल अ‍ॅफिनिटीशिवाय नीट कुणी उघडेल असं धरून चालू नका. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाची दोन रूपं बाहेर काढायची: एक सपाट केलेली टिफ, जी पंचवीस वर्षांनीही उघडेल, आणि जिथे पुन्हा हात लावायची वेळ येऊ शकते तिथे लेयरसकट पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल.

जागेचा हिशेब आधी मांडू, कारण सगळं १६ बिटमध्ये (८ बिटपेक्षा रंगाच्या जास्त छटा, पण दुप्पट जागा) काढायला गेलात तर डिस्क बरीचशी भरून जाईल. १२×३६ इंचाचं शीट ३०० डीपीआयला ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलचं होतं. दाबून न बसवलेली ८ बिट टिफ सुमारे ११७ एमबीची, १६ बिट सुमारे २३३ एमबीची. साठ लग्नं, प्रत्येकी चाळीस शीटं धरली तर २४०० शीटं झाली: ८ बिटमध्ये साधारण २८० जीबी, १६ बिटमध्ये ५६० जीबी. छापून गेलेल्या शीटाला ८ बिट पुरे. लॅबलाही तुम्ही जेपीजीच पाठवली होती. १६ बिट राखून ठेवा ते निवडक फोटोंसाठी, ज्यांची मोठी फ्रेम किंवा वेगळा रंग कुणीतरी नंतर मागणार आहे. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो १६ बिटमध्ये १४४ एमबी होतो. लग्नामागे तीस फोटो धरले तर १८०० फोटो, सुमारे २६० जीबी. म्हणजे सगळं मिळून एका १ टीबी डिस्कमध्ये बसतं. अशा दोन डिस्क घ्या, एक स्टुडिओत आणि एक घरी. टिफ दाबताना १६ बिटला एलझेडडब्ल्यू लावू नका, त्याने फाइल कधी कधी उलट मोठी होते. झिप लावा किंवा तशीच ठेवा.

टिफसाठी अ‍ॅफिनिटीतलं 'न्यू बॅच जॉब' (अनेक फाइली एका दमात काढण्याची सोय) वापरा. पण पूर्ण फोल्डर घालण्याआधी पाच फाइलींवर चालवून बघा आणि निघालेली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून ती खरंच हव्या तितक्या बिटची आहे का, हे तपासा. मशीनला ८ जीबीच रॅम असेल तर एका वेळी अनेक फाइली चालवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर मोठ्या शीटांवर मशीन गुदमरतं आणि कुठल्या फाइली झाल्या, कुठल्या राहिल्या हे शोधत बसावं लागतं. एक्स्पोर्टच्या खिडकीतून एकेक टिफ काढत असाल तर अ‍ॅफिनिटीचे लेयर फाइलीत साठवण्याची खूण काढून टाका, कारण आपल्याला साधी टिफ हवी आहे. कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे हे सांगणारी माहिती, फाइलीत बसवण्याची खूण मात्र असलीच पाहिजे. अ‍ॅडोबी आरजीबीत केलेलं काम प्रोफाइलशिवाय बाहेर पडलं, तर दुसरीकडे शालूचा लाल विटका दिसतो आणि दोष एडिटिंगला जातो.

एक सापळा बहुतेकांना नंतर कळतो. अ‍ॅफिनिटीत शीटावर ठेवलेले फोटो 'लिंक्ड' असू शकतात, म्हणजे शीटाच्या फाइलीत फक्त पत्ता आणि एक लहान प्रत असते. व्हर्जन २ मधल्या रॉ लेयरलाही हा पर्याय आहे. अल्बम दिला की आपण लग्नाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवतो. पुढच्या वेळी ती डिस्क ई ऐवजी एफ म्हणून लागते आणि सगळे पत्ते तुटतात. फाइल उघडते, पडद्यावर ठीक दिसते, आणि एक्स्पोर्ट केल्यावर नवरा-नवरीचे चेहरे फुटलेले निघतात. म्हणून बॅच लावण्याआधी रिसोर्स मॅनेजर उघडा, हरवलेल्या लिंक जोडून घ्या आणि सगळे फोटो 'एम्बेड' करा. बाहेरच्या डिस्कला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एक ठरावीक अक्षर देऊन टाका, म्हणजे पत्ता सारखा बदलणार नाही.

पीएसडी सगळ्यांची काढू नका, जिवावर येईल आणि उपयोगही नाही. तुमच्या घडवलेल्या टेम्प्लेटांची आणि अलीकडच्या वर्षभराच्या कामांची काढा. इथे अडचण अशी की अ‍ॅफिनिटीचे लाइव्ह फिल्टर, म्हणजे लाइव्ह क्लॅरिटी, लाइव्ह ब्लर वगैरे, पीएसडीत तसेच्या तसे जात नाहीत. कर्व्ह्ज आणि लेव्हल्स बऱ्यापैकी जातात, पण एचएसएल या रंग बदलण्याच्या सोयीने केलेला रंग थोडा वेगळा पडू शकतो. त्यावर उपाय असा: एक्स्पोर्टच्या आधी सगळ्यात वरच्या लेयरवर जाऊन कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई एकदम दाबा. दिसतंय ते सगळं एकत्र करून एक नवा लेयर तयार होतो. त्याला 'अंतिम' नाव द्या आणि वरच राहू द्या. मग एक्स्पोर्टमध्ये पीएसडीचा 'प्रिझर्व्ह एडिटेबिलिटी' प्रीसेट निवडा. ही फाइल कुठेही उघडली तरी 'अंतिम' लेयरमध्ये बरोबर रूप हाताशी असतं. तो लपवला की खाली लेयर मिळतात आणि रंग किती हलला तेही त्याच जागी पडताळता येतं. शीट बदलायचं नसेल तर वरचा लेयर तसाच छापायला द्यायचा.

नावं आणि तारखांचा मजकूर वेगळा सांभाळावा लागतो. व्हर्जन २ मध्ये युनिकोड मराठी नीट जुळत नाही, वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं तुटतात. म्हणून बहुतेक स्टुडिओ श्रीलिपीसारखे जुने फॉण्ट वापरतात, तुम्हीही वापरत असाल. त्या फाइलीत 'शुभविवाह' हा शब्द प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून साठवलेला असतो. तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर ती खिचडीच दिसते. तेव्हा साठवणीच्या प्रतीत मजकुराचे लेयर 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करून आकारात बदला, आणि मूळ मजकूर युनिकोडमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलीत त्याच फोल्डरमध्ये टाका. काम चालू असलेल्या मूळ फाइलीवर हे करू नका, कारण आकारात बदललेलं नाव पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही. 'वैष्णवी'चं 'वैश्नवी' झालेलं अल्बम उघडल्यावरच दिसतं.

तुमची रंगाची खासियत, तो ठरलेला टोन, हीसुद्धा कमाईच आहे. ती फक्त कर्व्ह्ज, कलर बॅलन्स, एचएसएल अशा अ‍ॅडजस्टमेंटनी बनलेली असेल तर 'एक्स्पोर्ट लट' (लट म्हणजे रंग कसे बदलायचे याचा तक्ता) वापरून 'क्यूब' फाइल काढा. ती फोटोशॉपमध्ये चालते, आणि लग्नाचा व्हिडिओ दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये कापत असाल तर तिथेही चालते. मास्क, शार्पनिंग, क्लॅरिटी यांतलं काहीच त्यात जात नाही. ज्या कलर प्रोफाइलमध्ये लट बनवली त्याच प्रोफाइलच्या फोटोवर लावा, नाहीतर कातडीचा रंग नारिंगी होतो. मॅक्रो (एकत्र साठवलेल्या एडिटिंगच्या कृती) आणि ब्रशही त्यांच्या पॅनेलमधून बाहेर काढून ठेवा. ते अ‍ॅफिनिटीतच चालतात, पण मशीन बदलताना लागतातच.

नव्या कॅमेऱ्याची फार धास्ती नको. व्हर्जन २ ला त्याची रॉ वाचता आली नाही तर अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्याला वर्गणी लागत नाही. रॉ फाइली त्यातून डीएनजी, म्हणजे अनेक सॉफ्टवेअरांना वाचता येणाऱ्या रॉच्या प्रकारात, करून घ्यायच्या. प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी जुनी ठेवा आणि लॉसी कॉम्प्रेशन बंद ठेवा, कारण नव्या पद्धतीने दाबलेली डीएनजी जुन्या सॉफ्टवेअरला उघडत नाही. मूळ रॉ मात्र पुसू नका. कॅमेरा घ्यायच्या आधी दुकानात तुमचं कार्ड घालून पाच-सहा रॉ काढा, घरी आणून हा सगळा प्रवास करून बघा, मग पैसे द्या. निकॉनच्या झेड ८ आणि झेड ९ मधल्या 'हाय एफिशियन्सी' रॉसारखे प्रकार अनेक सॉफ्टवेअरांना बराच काळ उघडत नव्हते. असा पर्याय कॅमेऱ्यात असला तर चाचणीचे फोटो त्यावरही काढा आणि साध्या लॉसलेस रॉवरही.

नवं अ‍ॅफिनिटी जरूर टाका, व्हर्जन २ शेजारी ते आरामात राहतं. व्हर्जन २ काढू मात्र नका. नवं सॉफ्टवेअर तुमच्या एएफफोटो फाइली उघडतं, पण साठवतं 'एएफ' या नव्या प्रकारात, आणि ती फाइल व्हर्जन २ ला उघडत नाही. म्हणजे तो एकेरी रस्ता आहे. जुन्या कामाची आधी प्रत करा आणि प्रतच नव्यात उघडा. सीझन संपेपर्यंत गिऱ्हाइकाचं काम व्हर्जन २ वर, सराव नव्यावर. नवं पटलं तर पुढच्या सीझनची कामं त्यात सुरू करा आणि तिथेही प्रत्येक अल्बम हातावेगळा झाला की टिफ आणि पीएसडी काढायची सवय त्याच दिवसापासून लावा. गिऱ्हाइकांचे फोटो कॅनव्हाकडे जातील या भीतीबद्दल: अ‍ॅफिनिटीतल्या फाइली तुमच्या मशीनवरच राहतात आणि एआय शिकवायला त्या वापरल्या जात नाहीत, असं कॅनव्हाने स्पष्ट केलं आहे. एआयच्या सोयी वापरायच्या असतील तर त्या अटी वेगळ्या वाचा.

अ‍ॅडोबी आत्ता घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. भीतीपोटी घेतलेली वर्गणी वर्षानुवर्षं चालू राहते. फोटोशॉप हवंच असं एखादं काम आलं तर महिन्याची योजना घ्या आणि ती खरोखर महिन्याचीच आहे हे पैसे भरण्याआधी वाचून घ्या. 'वर्षाची, हप्ता दरमहा' अशी योजना मध्येच सोडली तर १४ दिवसांनंतर उरलेल्या रकमेचा मोठा भाग दंड म्हणून जातो. फोटोशॉप फक्त पीएसडी उघडण्यापुरतं लागणार असेल तर ब्राउझरमधलं फोटोपी किंवा मार्च २०२५ मध्ये आलेलं जिंप ३ पुरतं. रॉसाठी डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला हात बसायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा आखाडात शिका, वैशाखात नाही.

आणि व्हर्जन १ चा परवाना फेकू नका. ते ईमेल आणि प्रॉडक्ट की घालून चालू होतं. ती की पाच वर्षांपूर्वीच्या खरेदीच्या मेलमध्ये सापडेल. व्हर्जन २ मध्ये साठवलेल्या फाइली त्यात उघडणार नाहीत, पण त्या काळातली मूळ कामं, नंतर हात न लावलेली, उघडतील. मेल शोधून कीचा कागद छापा आणि व्हर्जन १ च्या इन्स्टॉलरसह त्याच दोन डिस्कांबरोबर ठेवा.